ब्लाऊजला माया ठेव

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "ताई, घरच्या लग्नाला बरोबर दोन महिने राहिलेत आणि मला बारा किलो उतरवायचेत." तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी झाली, धाकट्यानं काहीतरी सांडलं, आणि "थांब गं जरा" म्हणून गेलीस ती परत आलीच नाहीस. जाता जाता एवढं मात्र सांगून गेलीस की लग्नातल्या पैठणीवरचा ब्लाऊज मुद्दामच दोन इंच घट्ट शिवायला टाकतेस, म्हणजे धाक राहील.

बयो, आता दुपारची निवांत वेळ आहे, तुझे दाजी घोरतायत. मी सातारी पद्धतीनं आधी निकाल सांगते, मग कारणं. बारा होणार नाहीत. तीन होतील. आणि तीन झाले तर मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन येईन. तुला त्यातला एकच मिळेल, पण येईन.

तू बँकेत आहेस, तेव्हा हिशेबच मांडू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. बारा किलोंच्या झाल्या ९२,४००. साठ दिवसांनी भागलंस तर रोज दीड हजाराच्या वर तूट हवी. आता तुझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४, वय ३६, काम खुर्चीतलं. तुझ्या शरीराचा दिवसभराचा सगळा खर्चच साधारण १९०० कॅलरींचा. मग तुझ्या ताटात काय उरलं? साडेतीनशे-चारशे. दोन भाकऱ्या, वाटीभर पातळ आमटी, की दिवस संपला. असे साठ दिवस, आणि त्यात तुमचा तो मार्चअखेर! एकतीस तारखेला रात्री नऊ वाजता ताळेबंद जुळत नसताना तू काकडी खाऊन बसशील, असं मला तरी वाटत नाही. मी तुझ्या जागी असते तर शाखेतल्या सगळ्यांचे वडापाव एकटीनं संपवले असते.

हसू नकोस. मी हे सगळं करून बसलेय, म्हणून बोलते. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, मी एक्केचाळिशीची होते. गावातल्या एका वजन उतरवून देणाऱ्या केंद्रात मी तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले. पहिल्या दिवशी तिथल्या मुलीनं माझी उंची विचारली, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि कार्डावर लिहिलं: लक्ष्य ५५ किलो. माझं वजन तेव्हा ७८. तिनं मला विचारलं नाही की घरी कोण कोण आहे, स्वयंपाक कोण करतं, मी जेवते किती वाजता, आईला साखर आहे का. तक्त्यानं ठरवलं आणि मी मान डोलावली. दोन वेळा पावडर घुसळून प्यायची, एक वेळ कसंबसं जेवायचं. तीन महिन्यांत अकरा किलो गेले. हळदीकुंकवाला गेले की बायका म्हणायच्या, "अगंबाई, केवढी बारीक झालीस!" त्या एका वाक्याची चटक साखरेपेक्षा वाईट, हे तेव्हा कळलं.

चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायला लागले. जिना चढताना मांड्या थरथरायच्या. आपल्या डॉक्टरांनी सांगितलं की उपासमार केली की दोन-तीन महिन्यांनी केस गळतातच, इतक्या झपाट्यानं वजन उतरलं तर पित्ताशयात खडेसुद्धा होतात, आणि जे गेलं ती नुसती चरबी नव्हती. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असू शकतो, आणि प्रथिनं नाहीत, व्यायाम नाही, म्हटल्यावर माझा त्याहून जास्तच गेला असेल. पुढच्या दिवाळीपर्यंत तेरा किलो परत आले. मुद्दल अकरा, व्याज दोन. स्नायू मात्र परत आले नाहीत, त्यांच्या जागी चरबीच आली. कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. ५५ लिहिलेलं.

मला खरा राग त्या आकड्याचा येतो. तो आकडा नसता तर ७८ वरून ७२ झाल्यावर मी खूश होऊन थांबले असते. पण ७२ म्हणजे काय, तर "अजून सतरा बाकी"! सहा किलो उतरवलेली बाई स्वतःला नापास समजत होती.

असं वाटणारी मी एकटीच नव्हते, हे पुढे वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. १९९७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन उतरवायला आलेल्या साठ लठ्ठ बायकांना विचारलं, तुम्हाला किती कमी करायचंय? सरासरी उत्तर होतं, शरीराच्या वजनाचा ३२ टक्के भाग. मग त्यांनी आणखी बारकाईनं विचारलं. स्वप्नातलं वजन कोणतं, कोणत्या वजनाला आनंद होईल, कोणतं चालवून घ्याल, आणि कोणत्या वजनाला निराश व्हाल? अठ्ठेचाळीस आठवडे उपचार झाले. सरासरी सोळा किलो उतरले. सोळा, बयो! त्या उपचारांच्या मानानं हे भरघोस यश. तरीही त्यांच्यातल्या ४७ टक्के बायका स्वतःच लिहून दिलेल्या त्या 'निराशेच्या' वजनापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या. उपचार चांगले झाले होते, लक्ष्य चुकलं होतं.

आता तुझ्या ६२ चं बघू. बारा वजा केले की ६२ राहतात, आणि तुझ्या मनात त्याही खाली ५८ आहे, हे मला माहितेय. दिवाणखान्यातल्या तुझ्या लग्नाच्या फोटोत तू ५८ ची आहेस. तेव्हा चोवीस वर्षांची होतीस, दोन बाळंतपणं व्हायची होती, कल्याणच्या कॉलेजात दिवसभर हुंदडत होतीस आणि आई तुला वाढत होती. आता तू वाढतेस. त्या फोटोवर माझंही प्रेम आहे, पण तो फोटो आहे, लक्ष्य नाही. कदाचित ५८ पुन्हा कधीच येणार नाही, आणि न आल्यानं तुझं काहीही बिघडणार नाही.

मग लक्ष्य कुठून आणायचं? तुझ्या रिपोर्टातून. गेल्या दिवाळीत तू मला रिपोर्ट पाठवला होतास, तीन महिन्यांची सरासरी साखर ५.९. मधुमेहाची रेषा ६.५ ला आणि मधुमेहपूर्व अवस्था ५.७ पासून. म्हणजे तू उंबरठ्यावर उभी आहेस. आईला पन्नाशीत साखर लागली, मावशीला त्याआधी. लग्नातल्या फोटोपेक्षा हे कारण मोठं आहे, आणि याचं उत्तर बारा किलोंचं नाहीच मुळी.

अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना आहार-व्यायामाच्या गटात घातलं त्यांना दोनच लक्ष्यं दिली होती: वजनाचा सात टक्के भाग कमी करा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी भरलं. तुझे सात टक्के म्हणजे पाच किलो. फक्त पाच. आणि चेन्नईत आपल्याच लोकांवर झालेला, २००६ मध्ये छापून आलेला अभ्यास तर आणखी गमतीचा. तिथं लोकांचं वजन फारसं हललंच नाही, तरी खाण्याचालण्यातल्या बदलानं मधुमेहाचं प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटलं. काटा जागचा हलत नसेल तेव्हाही आत काहीतरी चांगलं चाललेलं असतं. पुढं मागं तू रडवेली होऊन मला फोन करशील, तेव्हा मी तुला हीच चेन्नई ऐकवणार आहे.

तेव्हा तुझे आकडे असे. लग्नाला ७१. दिवाळीला ६९, म्हणजे सात टक्क्यांची मजल. पुढच्या वर्षीच्या पाडव्याला ६८. त्याच्या पुढच्या पाडव्याला ६७ किंवा थोडं खाली, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. तिथं थांबायचं आणि आयुष्यभर तिथं राहायचा प्रयत्न करायचा. तुला हे फारच मिळमिळीत वाटलं ना? "दोन वर्षांत सातच किलो?" असं म्हणालीस ना मनातल्या मनात? गेल्या दोन वर्षांत किती कमी झाले ते सांग. चार वाढलेत.

लग्नापर्यंतचे तीन कुठून येतील ते बघू, कारण "आता कमी खाणार" हा काही बेत नव्हे. कमी म्हणजे किती, कधी, कोणत्या डब्यातलं? मी गणपतीत तुझ्याकडे चार दिवस राहिले ना, तेव्हा नुसती आरती करत नव्हते, तुझं बघतही होते.

तू तीन वेळा चहा घेतेस, दर कपाला दोन चमचे साखर. एकेक चमचा कमी कर, पन्नास-साठ कॅलरी सुटल्या. तेल: चौघांच्या घरात तुमच्याकडे महिन्याला चार लिटर जातं. डॉक्टर माणशी अर्धा लिटर म्हणतात, पण तिथं एकदम जाऊ नकोस, जावईबापू बंड करतील. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर एका वेगळ्या डब्यात काढून ठेव आणि तो पुरव. माणशी दिवसाला सत्तरेक कॅलरी कमी होतील आणि भाजीच्या चवीत कुणाला कळणारही नाही. मग तुझं ते फरसाण. संध्याकाळी पावणेआठला दारातून आत येतेस, पर्स खांद्यालाच असते, आणि हात आधी फरसाणच्या डब्यात जातो. उभ्या उभ्या दोन-तीन मुठी. त्या दोनशे कॅलरी. तू याला सवय म्हणतेस, मी याला भूक म्हणते. दीड वाजताच्या डब्यानंतर पोटात काही नसतं, तर काय होणार? पाच वाजता ऑफिसातच मूठभर फुटाणे खा, मिळालं तर ताक पी. मग घरी आल्यावर डब्याचं झाकण तुला इतकं बोलावणार नाही.

आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं. धाकट्याचा दहीभात, मोठीची अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाची चार घास खीर. "अन्न टाकू नये" म्हणून आपण स्वतःलाच डबा समजतो, पिढ्यान्‌ पिढ्या. आईही हेच करायची आणि सगळ्यांच्या मागून रात्री दहाला एकटी जेवायची. तू तेच करतेस. मुलांना आधीच कमी वाढ, पुन्हा मागू देत. उरलंच तर झाकून ठेव, सकाळी फोडणीचा भात होतो. आणि सगळ्यांबरोबर बस जेवायला. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर जावईबापूंचं काही अडत नाही. मी विचारलंय त्यांना.

राहिलं चालणं. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये चेंगरून उभं राहणं हा व्यायाम नाही, ती शिक्षा आहे, ती धरू नकोस. पण सीएसएमटीहून फोर्टातल्या तुमच्या शाखेपर्यंत तू शेअर टॅक्सी करतेस, ती सोड. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, पाच दिवसांची दोनशे मिनिटं झाली. अमेरिकेतली दीडशे मिनिटं फोर्टातच भरून निघाली आणि वर टॅक्सीचे पैसे वाचले. रविवारी तलावपाळीला फेऱ्या मारल्यास तर उत्तम, पण तिथं शेवटी पाणीपुरी आहे हेही मला माहितेय.

मांड हिशेब. चहाचे पन्नास, तेलाचे सत्तर, फरसाणचे दोनशे, ताटातलं उरलेलं शंभर, चालण्याचे सरासरीनं शंभर. त्यातून फुटाण्यांचे शंभर वजा. दिवसाला चारशेची तूट, महिन्याला बारा हजार, म्हणजे दीड किलो. दोन महिन्यांत तीन. ७४ चे ७१. बघ, सुरुवातीलाच मी सांगितलेला आकडा हवेतला नव्हता. आणि यात तुझी एकही भाकरी कमी केलेली नाही, वरणभात काढलेला नाही, कुठून पावडर मागवलेली नाही.

एक सांगते, पाचही गोष्टी एकदम सुरू करू नकोस. पाडव्याला दोन धर, चालणं आणि पाचचे फुटाणे. दहा-बारा दिवसांनी तेलाचा डबा. एप्रिलमध्ये बाकीचं. लंडनमध्ये काही माणसांवर पाहिलं गेलंय की एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी सहासष्ट दिवस लागतात. कुणाला अठरा लागले, कुणाला अडीचशेच्या वर. तेव्हा लग्नाच्या दिवशी तुझ्याकडे मुद्दाम न ठरवताही पायी जायची सवय असेल, तर ती मला तीन किलोंपेक्षा मोठी मिळकत वाटेल. किलो येतात-जातात.

सुरुवातीला हिशेब मागेपुढे होईल, त्यात काटाही तुला फसवेल, आणि आधी तो गोड बोलून फसवेल. पहिल्या आठवड्यातच कदाचित दीड किलो उतरेल आणि तू मला नाचऱ्या बाहुल्या पाठवशील. ते पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, तो आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतो. खाणं कमी झालं की साठा उतरतो, पाणीही जातं. एखाद्या बारशाला जाऊन जिलेबी खाल्लीस की दुसऱ्या दिवशी ते परत येतं. पाळीच्या आधी एक-दीड किलो वाढलेलं दिसेल, लोणचं-पापडाच्या जेवणानंतर दिसेल, पोट साफ नसेल तर दिसेल. म्हणून रोज काट्यावर चढून रडू नकोस. आठवड्यातून एकदा, मंगळवारी, उठल्यावर, चहाच्या आधी. आणि एका मंगळवारची तुलना आदल्या मंगळवारशी करण्यापेक्षा आदल्या महिन्यातल्या त्याच सुमाराच्या मंगळवारशी कर, म्हणजे पाळीचा घोळ राहत नाही.

त्याच दिवशी शिवणाच्या टेपनं पोट मोज. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आत ओढायचं नाही, इथं कुणी बघत नाहीये. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही रेषा धरतात. तुझं माप माझ्या अंदाजानं छत्तीसच्या आसपास असेल. साडेएकतीस हे वर्षा-दोन वर्षांचं स्वप्न राहू दे, लग्नापर्यंत एक इंच गेला तरी पुष्कळ.

पोटाचं एवढं का लावून धरते म्हणशील, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची एक गोष्ट सांगते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापला, शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं प्रमाण, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी? इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२. काट्यावर दोघे सारखे, आत एकाची दुप्पटीहून जास्त. आपण भारतीय असे लुकडे दिसून आतून चरबीचे असतो. म्हणून तर आपल्याकडे लठ्ठपणाची रेषा बीएमआय २५ लाच ओढतात, गोऱ्यांची ३० ला. त्यामुळे नुसतं वजन उतरवून पोट तसंच राहिलं, दंड लुळे पडले, तर काय मिळवलंस? माझं तेच झालं होतं. तेव्हा आठवड्यातून दोनदा थोडं जोर लावायचं काम कर: खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा ऊठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आजी पाट्यावर वाटायची, विहिरीचं पाणी शेंदायची, तिला हे वेगळं करावं लागत नव्हतं. आणि जेवणात उसळ, दही, अंडं यांतलं एक काहीतरी दोन्ही वेळा असू दे.

लग्न झालं की मे संपायला येईल आणि घरात आंब्याची पेटी असेल. तेव्हाचं लक्ष्य वेगळं: वाढायचं नाही, बस. कमी करायचा विचारही करू नकोस. हे कुणी सांगत नाही बघ. वर्षाचे बावन्न आठवडे सारखे असल्यासारखं सगळे बोलतात. आपलं वर्ष तसं आहे का? आमरस आहे, श्रावण आहे, गणपतीचे मोदक, नवरात्राचे उपास, दिवाळीचा फराळ, मग संक्रांतीचा तिळगूळ. मी वर्षाचे आठवडे दोन ढिगांत घालते, उतरायचे आणि सांभाळायचे. दिवाळीच्या तीन आठवड्यांत वजन जागच्या जागी ठेवणारी बाई माझ्या मते जूनमध्ये दोन किलो उतरवणाऱ्या बाईपेक्षा हुशार. चकली खायची, पण ताटलीत दोन घेऊन, बसून. डबा मांडीवर घेऊन नाही.

उपासांवर तर विसंबूच नकोस. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी आपल्याला सांगून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट, बटाटा, तूप. संकष्टीला खिचडीची थाळी रिचवून रात्री मोदकावर उपास सोडायचा आणि "आज मी उपाशी होते" म्हणायचं! देवाला चालतं, काट्याला चालत नाही. वऱ्याचे तांदूळ नि ताक घे, किंवा उपास उपासासारखा कर.

आपल्याकडे मध्यंतरी घराघरात दोन पक्ष झाले होते, आठवतं? डॉ. दीक्षितांचे, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवा म्हणणारे, आणि ऋजुता दिवेकरांचे, दर थोड्या वेळानं थोडं थोडं खा म्हणणारे. आमच्याच घरात दाजी एकीकडे आणि मी दुसरीकडे, स्वयंपाकघराची फाळणी व्हायची वेळ आली. तू कुठल्या पक्षात जावंस हे मी सांगणार नाही. एकच विचार, हे मी तिसऱ्या दिवाळीतही करत असेन का? नसशील तर सुरूच करू नकोस.

आणि हो, ती वजन उतरवायची सुई. तुझ्या मैत्रिणीनं घेतली आणि नऊ किलो उतरले म्हणालीस. २०२५ पासून ती औषधं आपल्याकडे सहज मिळायला लागलीत, काम करतात हे खरं. पण ते औषध आहे, ज्याला खरोखर गरज आहे त्याला डॉक्टर देतील. त्यातल्या एका औषधावर परदेशात बघितलंय, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. तू त्यासाठी डॉक्टरांकडे जरूर जा, पण लग्नाच्या आहेराचा भाग म्हणून नको. गेलीस की थायरॉइड आणि बी-१२ ही तपासून घे. थायरॉइड मंद असेल तर तू फोर्टातून पनवेलला चालत गेलीस तरी चिडचिडच पदरात येईल.

साधारण सहाव्या महिन्यात काटा अडेल. तू काही चुकलेली नसशील. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, तीच चारशेची तूट मग कमी कमी होत जाते. त्या वेळी चिडून जेवण सोडू नकोस. दोन महिने आहे तिथं राहा, ते सांभाळायचे आठवडे समज. अडलेल्या काट्यावर टिकून राहणं जिला जमलं, तिचं वजन परत येत नाही, एवढं मी माझ्या दुसऱ्या वेळेवरून सांगते. दुसऱ्या वेळी मला आठ किलो उतरवायला अडीच वर्षं लागली. कुणी "अगंबाई" म्हणालं नाही, कारण कुणाला दिसलंच नाही. पाच वर्षं झाली, अजून ते आठ परत आलेले नाहीत. सकाळी टेकडीवरच्या 'चार भिंतीं'पर्यंत चढून जाते, वर उभी राहून सातारा बघते आणि खाली येऊन पोहे खाते.

लग्नात लोक बोलतील. आत्या तर मांडवात शिरताशिरताच म्हणेल, "काय गं, सुटलीस की!" तीन किलो उतरलेले तिला दिसणार नाहीत, आत्याला किलो दिसतच नाहीत, तिला फक्त भाच्या दिसतात. तू म्हण, "आत्या, साखर उतरली ना, तेच बघायचं होतं." मग ती तिची साखर सांगत बसेल आणि तुझी सुटका होईल. जिलेबी एक खा, मठ्ठा दोन वाट्या पी, आणि पंगतीत आग्रह करायला मी उभी असेन तेव्हा मलाही नाही म्हण.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या दाराला कालनिर्णय टांगलंय, त्यावर तू दुधाचे आणि बाईचे खाडे मांडतेस. त्याच चौकटीत आता स्वतःचे खाडे मांड. ज्या दिवशी टॅक्सी केलीस त्या दिवशी फुली. महिन्याला सहा-सात फुल्या चालतील, बाईलाही तू तेवढ्या चालवून घेतेस. आणि मंगळवारच्या चौकटीत बारीक अक्षरात वजन आणि पोट. मला आकडा लगेच कळवू नकोस, महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो पाठव.

उद्या मंगळवारच आहे. आणि शिंपीणबाईंना आजच फोन करून सांग, ब्लाऊज आहे त्या मापाचा शिवा, आतून दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवा.